म्हशीने खाल्लेली गव्हाण

नोकरीत असताना माझ्या अंगाला काकवीसारखा वास यायचा. संध्याकाळी वालूर रस्त्यावरून सेलूला परतणाऱ्या एसटीत मी चढले, की शेजारची माणसं आपापल्या पिशव्या हुंगून बघायची. एका गृहस्थांनी तर न राहवून विचारलं, "बाई, काकवी कुठून आणली?" मी म्हटलं, "कारखान्यातून." "साखर कारखान्यात आहात का?" "नाही हो, लोखंडाच्या." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढच्या थांब्याला जागा बदलली.

त्यांना सांगायचं राहून गेलं ते आता निवृत्त झाल्यावर सांगते. जालन्याकडे लोखंडाच्या सळया तयार होतात. लालबुंद तापलेला ठोकळा रोलरमधून दाबत नेताना त्याच्या अंगावरून काळे पापुद्रे सुटतात, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. वरून पाणी मारतात, पापुद्रे वाहून खड्ड्यात जमतात. साहेबलोक त्याला मिल स्केल म्हणतात, आम्ही पपडी म्हणायचो. पपडी म्हणजे लोखंडच, फक्त हवेतल्या प्राणवायूने धरून ठेवलेलं. पूर्वी ती खड्डे बुजवायला टाकून द्यायचे. तशीच परत भट्टीत घालावी म्हटलं तर ती भुकटी, बरीचशी धुराड्यातून उडून जाणार. म्हणून तिची वीट करायची. पपडी घ्यायची, प्राणवायू सोडवून घ्यायला कोळशाचा चुरा घ्यायचा, थोडा चुना घ्यायचा आणि या सगळ्यांनी एकमेकांना सोडू नये म्हणून मळी घालायची. साखर काढून झाल्यावर जो काळा घट्ट पाक उरतो ती मळी. ती पाथरीच्या बाजूने टँकरने यायची.

यंत्रातून दाबून काढलेली ही वीट परभणी जिल्ह्याच्या उन्हात ठेवली की दगडासारखी टणक होते. ऊन तेवढं आमच्याकडे कोणी अडवू शकत नाही. पाणी लागलं की मात्र विटेची खीर होते. ही एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं आहे.

आमचे शेठ मूळचे कापसातले. जिनिंग बंद पडलं, शेड रिकामं राहिलं, तेव्हा कोणीतरी त्यांच्या डोक्यात लोखंड घातलं. ज्या अंगणात एकेकाळी कापूस पसरायचा तिथे काळ्या विटा वाळायला लागल्या. शेठना लोखंडातलं फार कळत नव्हतं, पण बोलायला अडचण नव्हती. मला त्यांनी विटांची परीक्षा घ्यायला ठेवलं. परीक्षा म्हणजे वीट डोक्याच्या उंचीवरून खाली टाकायची आणि किती तुकडे होतात ते पाहायचं. आधी मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तिथे काही फुटलं की बोलणी बसायची, इथे फोडण्याचाच पगार. गळ्यात दोरीला बांधलेलं चुंबक असायचं, आलेल्या पपडीत माती किती मिसळली आहे ते बघायला. मंगळसूत्र आणि चुंबक एकमेकांत अडकायचं, म्हणून आमचे हे मला दोन दागिन्यांची बायको म्हणायचे.

माल कालवणाऱ्या, विटा उलटवणाऱ्या, रचणाऱ्या सगळ्या बाया वालूरकडच्या. त्यांच्यात मंगल. हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून. तिचं घर शेडाच्या अगदी पलीकडे, मधे फक्त तिच्या सासऱ्याचं शेत. सासरे शेषराव अण्णा. आमच्या गाड्या त्यांच्याच बांधालगतच्या रस्त्याने ये-जा करायच्या, तेही त्यांच्या तोंडी परवानगीवर. त्यामुळे अण्णांचा मूड हा आमच्याकडे कच्च्या मालाइतकाच महत्त्वाचा होता.

त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. भांडण काही नव्हतं, रीत होती. पण एका छपराखाली राहायचं तर बोलल्यावाचून चालत नाही. म्हणून मंगल म्हशीशी बोलायची. म्हशीचं नाव चंद्री. "चंद्रे, भाकरी झाली गं. कोनाला जेवायचं आसंल त्यानं हातपाय धुवावं," असं मंगल गोठ्याकडे तोंड करून म्हणायची. जेवताना अण्णा म्हणायचे, "चंद्रे, कालवणात मीठ कमी हाय म्हनून सांग." मी एकदा त्यांच्याकडे पाणी प्यायला गेले होते, तेव्हा अर्धा तास असा संसार ऐकला. चंद्री दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेपटी हलवायची. आमच्या घरातही अशी एखादी असती तर बरं झालं असतं, असं मला परतताना वाटलं.

मंगलने कामावर यावं हे अण्णांना पसंत नव्हतं. "चंद्रे, शेजारच्या शेडात लोखंडाच्या गवऱ्या थापायला जायाची काय गरज हाय?" "चंद्रे, तुझी सरकीची पेंड त्या गवऱ्यातूनच येती, इसरू नको." शेवटी असं ठरलं, की ओसरीवरून दिसतं तेवढ्या अंतरावरचं काम चालेल, त्यापलीकडचं नाही. ओसरीवरून दिसणारं काम म्हणजे फक्त आमचं शेड. ते बंद पडलं असतं तर मंगल घरात बसली असती आणि परत बाहेर पडली नसती. हे तिला माहीत होतं, मलाही.

आणि शेड बंद पडायच्या बेतातच होतं. आमच्या पहिल्या गाड्या जालन्याला पोचेपर्यंत त्यातल्या बऱ्याच विटांचा भुगा झाला होता. भट्टीवरच्या मिस्त्रींचा फोन आला, "ताई, वीट पाठवली का सत्तूचं पीठ?" मी म्हटलं, रस्ता खराब आहे. ते म्हणाले, "रस्ता सगळ्यांनाच खराब आहे." शेवटी त्यांनी सांगितलं, की सोमवारी एक गाडी पाठवा, भट्टीत टिकली तर कायमचं काम, नाहीतर आपला राम राम. शेठ म्हणाले, "नाही टिकली तर मी आपला पुन्हा कापूस भरतो. नुसता कापूस साठवायला एवढ्या बाया लागत नाहीत." हे त्यांनी बायांसमोरच सांगितलं. मंगलच्या हातातलं फावडं तिथेच थांबलं.

मग आम्ही मळी वाढवली, पाणी कमी केलं, विटा जास्त दिवस उन्हात ठेवल्या. मी मिळेल ती वीट खाली आपटत होते. शनिवारी आपटलेल्या विटा फुटेनात. बायांनी गाडी भरली, वर ताडपत्री बांधली. शेठ आले, एका विटेवर हात ठेवून बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिच्यावर हत्ती उभा करा, काही होणार नाही." बांधावर शेषराव अण्णा काठी टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली. मला वाटलं कौतुकाने हलवली. तो हिशेब होता, हे सोमवारी कळलं.

रविवारी शेड बंद. मंगल माहेरी पाथरीला गेलेली. सोमवारी सकाळी मी पोचले तर रस्त्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग, पलीकडे आमची भरलेली गाडी, आणि ढिगाशेजारी अण्णा मांडी घालून बसलेले. ड्रायव्हर बिडी ओढत म्हणाला, "म्याडम, म्हैस आजारी हाय म्हनं."

"अण्णा, काय झालं?"

"काय व्हयाचं ऱ्हायलं? तुमच्या शेडातली धूळ खाऊन माजी म्हैस मरायली. रातीपासून वैरनीला तोंड लावंना. गाडी हलायची न्हाई."

मी गोठ्यात गेले. चंद्री खरंच मान खाली घालून उभी होती, पोट फुगलेलं, तोंडाला काहीतरी काळं माखलेलं. गाडीचं जाऊ द्या, ते जनावर मला आवडायचं. सेलूहून जनावरांचे डॉक्टर बोलावले होते, ते माझ्यामागोमाग मोटरसायकलवर आले. गावातली पाच-पंचवीस माणसं जमलीच होती, कारण दुसऱ्याच्या गोठ्यात डॉक्टर आला की आपल्याकडे कोणाला काम नसतं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला, कान लावला, शेणाकडे पाहिलं. मग माझ्या गळ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, ते चुंबक द्या बरं." मी दिलं. त्यांनी ते शेणावर धरलं आणि काळे बारीक कण टुणकन उडून चुंबकाला चिकटले. इतके दिवस मी ज्या चुंबकाने दुसऱ्यांचा माल तपासला, त्याने भर गर्दीत माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती.

"बगा," अण्णा म्हणाले. "म्या काय म्हनलो व्हतो? उडून उडून येतंय शेडातून."

एवढी पपडी उडून आली असती तर सगळं वालूर जालन्याला विकता आलं असतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. डॉक्टर म्हशीच्या तोंडाजवळ वाकले आणि म्हणाले, "गोड वास कसला येतोय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज माझा नाही, मी आत्ताच घरून येतेय."

तेवढ्यात मंगल आली. पाथरीच्या गाडीतून उतरून थेट, हातातली पिशवी तशीच. गर्दीतून वाट काढत ती चंद्रीजवळ गेली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि मग तिची नजर चंद्रीच्या समोर गेली. मीही तिकडे तेव्हाच पाहिलं. तिथे एक नवीकोरी गव्हाण होती. म्हणजे शनिवारपर्यंत नव्हती. काळ्या, चौकोनी, ओळखीच्या विटांची, मातीच्या गाऱ्यात बसवलेली. तिचा तळ गेला होता, पुढची भिंत खालून वर जिभेच्या आकारात खरवडली गेली होती, आणि आत भिजवलेल्या सरकी पेंडीबरोबर काळा चिखल झाला होता.

मंगलने गव्हाणीकडे पाहिलं. मग अंगणातल्या बैलगाडीकडे, जिची फळी काळी झाली होती. मग अण्णांच्या धोतराकडे, जे गुडघ्यापर्यंत काळं होतं. मग तिने पदर डोक्यावर नीट ओढला आणि म्हशीला विचारलं.

"चंद्रे, ही गव्हान कवा बांधली गं?"

चंद्रीने कान हलवला.

"आन आयतवारी शेड बंद आसताना बैलगाडी कोनी जुपली व्हती? सांग की. आन शेडामागं कोपरे तुटलेल्या इटा रचून ठिवल्या व्हत्या, त्या चालत आल्या का तुज्यासाठी?"

गर्दीतल्या एकाला खोकला आला. अण्णा म्हशीच्या दुसऱ्या बाजूला सरकले.

"चंद्रे," ते म्हणाले, "त्या इटा टाकून दिलेल्या व्हत्या म्हनून सांग. आन शेठच म्हनला व्हता, हत्ती हुबा केला तरी काय व्हत न्हाई."

"चंद्रे, हत्ती हुबा कर म्हनले व्हते. पेंड भिजव म्हनले न्हवते. त्या इटंत मळी आसती, पानी लागलं की इरघळती, हे रोज घरी येऊन मी कोनाला सांगायची? तुलाच ना?"

"चंद्रे, तू ते मला सांगितलंच न्हाईस," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. मला हसू आवरेना, पण म्हशीकडे पाहिलं की आवरत होतं. खरं तर इतके दिवस मी विटांची परीक्षा घेतली, पण गव्हाण म्हणून ती किती दिवस टिकते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चंद्रीने एका रात्रीत निकाल लावून दिला.

डॉक्टर गंभीर होऊन म्हणाले, की मळी जनावरं आवडीने खातात, ती थोडी चालते, पण हिने बेताबाहेर खाल्ली आहे आणि वर चुना, कोळसा, लोखंड. त्यांनी औषध पाजलं, पोटाला चोळायला सांगितलं आणि बजावलं, "रवंथ सुरू झाला तर सुटली. नाही झाला तर मला फोन करा, मग अवघड आहे."

आता सगळं उघड झालं होतं, तेव्हा रस्ता मोकळा होईल असं मला वाटलं. पण अण्णा परत जाऊन काट्यांशेजारी बसले. मी म्हटलं, "अण्णा, आता तर कळलं ना?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कळलं. पर चंद्री रवंत करंपर्यंत गाडी हलायची न्हाई. ती गेली तर मी गाडीकडं कोन्या तोंडानं बगू?" हा हट्ट नव्हता, भीती होती, आणि ती माझ्यासमोर झाकायला त्यांच्याकडे त्या काट्यांशिवाय काही नव्हतं. मी गोठ्याकडे परत वळले.

शेठचा फोन आला. "गाडी निघाली का?"

"नाही. म्हैस रवंथ करत नाही."

"कोण?"

मी सगळं सांगायच्या फंदात न पडता चंद्रीचा फोटो पाठवला. मग जालन्याच्या मिस्त्रींचा फोन. "ताई, भट्टी तुमच्यासाठी थांबत नसती. अडचण काय आहे?" मी म्हटलं, "म्हैस." ते म्हणाले, "मागच्या वेळी रस्ता होता, आता म्हैस. संध्याकाळच्या आत गाडी आली नाही तर राहू द्या."

त्या दिवशी आमच्या कारखान्याचं सगळं काम गोठ्यात चाललं होतं. बाया आळीपाळीने चंद्रीचं पोट चोळत होत्या. ड्रायव्हर उंबऱ्यावर बसून तिच्या जबड्याकडे बघत होता. मंगल तिच्या मानेला मान लावून बोलत होती, आणि यावेळी ते फक्त म्हशीसाठीच होतं. "चंद्रे, खा गं बाई. तुज्या जिवावर माजं काम हाय. शेड गेलं तर मला ह्या आंगनातून कोनी जाऊ देनार न्हाई." अण्णा दाराशी येऊन उभे होते, तिला ते दिसले नव्हते. मला दिसले. ते तसेच परत गेले.

सूर्य डोक्यावरून जरासा कलला तेव्हा चंद्रीने एक लांब ढेकर दिली. मग जबडा डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे आला. ड्रायव्हर उठून उभा राहिला. आम्ही सगळ्या श्वास धरून एका म्हशीचं तोंड बघत होतो. जबडा पुन्हा फिरला आणि मग फिरतच राहिला. मंगल मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

बाहेर आलो तर अण्णा काट्या ओढून बाजूला टाकत होते. हात रक्ताळले होते. जवळ कोणी नव्हतं तरी ते मोठ्याने म्हणाले, "चंद्रे, रस्ता मोकळा हाय. ज्याचं काम हाय त्यानं कामाला लागावं."

गाडी संध्याकाळच्या आत पोचली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. "ताई, वीट टिकली." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "म्हैस?" मी म्हटलं, "तीही टिकली." त्यानंतर प्रत्येक फोनवर ते आधी म्हशीची चौकशी करायचे, मग मालाची.

पुढे आम्ही चंद्रीसाठी खास वीट पाडायला लागलो. लोखंड नाही, कोळसा नाही. मळी, मीठ, पेंड आणि डॉक्टर सांगतील ते. जनावरांच्या अशा चाटण विटा बाजारात मिळतात, पण आमच्या विटेची पारख मी केलेली असायची, फक्त उंचावरून टाकून नाही. अण्णांनी नवी गव्हाण दगडाची बांधली. शेठ कोणी पाहुणा आला की अजूनही हत्तीचं सांगायचे, आणि बाया एकमेकींकडे बघायच्या.

आता शेडात मोठं यंत्र आहे, मळीऐवजी पिशवीतून येणारा कसलासा चिकटा आहे, विटा पाणी लागलं तरी विरघळत नाहीत. वीट सुधारली, यात शंका नाही. एसटीत आता कोणी कोणाला हुंगत नसणार. मला मात्र तो वास गेल्याचं वाईट वाटतं, आणि हे सांगितलं की घरातले हसतात.

चंद्री म्हातारी होऊन गेली ते माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मंगल दोन-चार दिवस आली नाही. मग आली ती गप्प. मी विचारलं तर म्हणाली, "घरात कोनी बोलतच न्हाई ताई. बोलायचं कोनासंगं?" मला आधी ते नीट उमगलं नाही. मग लक्षात आलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी शेडाच्या फाटकात अण्णा दिसले. इतक्या वर्षांत ते बांध ओलांडून आत कधी आले नव्हते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. बाया काम थांबवून बघायला लागल्या. अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जणू ज्याच्याकडे बघून बोलावं असं काहीतरी शोधत होते. आमच्याकडे सगळ्या काळ्या विटाच. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"मंगल," ते म्हणाले, "डबा ऱ्हायला व्हता तुजा."

मंगलने पदर डोक्यावर ओढला. सवयीने ती अर्धी वळली, शेजारी म्हैस असल्यासारखी. शेजारी कोणी नव्हतं. मग तिने वर पाहिलं.

"ठिवा तिथं, मामा," ती म्हणाली. "आन उन्हात हुबं ऱ्हाऊ नका, आत या."